तेलाचा हात

आधी तिला वाटलं, केस आहे. शेजारच्या खुर्चीतल्या आजींचा एखादा पांढरा केस गळून त्यांच्या वॉकरच्या बटणावर पडला असेल. सांधेदुखीच्या त्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत, बहुतेक सगळ्यांचेच केस पांढरे होते, आणि खिडकीतून तिरपं ऊन नेमकं त्या बटणावर येत होतं. घरातल्या माणसाच्या खांद्यावरचा केस आपण न विचारता उचलतो, तशी तिनं दोन बोटं पुढे केली. बोटांना काही लागलं नाही. केस बटणावर नव्हता, त्या आरपार दिसणाऱ्या बटणाच्या आत होता. आणि एक नव्हता, तीन होते. मधल्या पोलादी खिळीपासून निघून तीन बाजूंना गेलेले, रुपेरी, इतके बारीक की मान जरा हलवली की दिसेनासे होत. तिनं मान पुन्हा होती तिथे आणली. ते होतेच. त्या चिरा होत्या.

"लोकांच्या वस्तूंना हात लावू नये," बाबा कानाशी येऊन म्हणाले. "आपण इथे औषधाला आलोय."

"नुसतं बघत होते."

"तुझं नुसतं बघणं मला माहीत आहे. परवा डॉक्टरांचं पेन चावत होतीस."

"चावलं नाही, नखानं ओरखडून बघितलं."

"मोठा फरक पडला त्या पेनाला."

दारातून चौदा नंबरची हाक आली. व्यायाम शिकवणारी मुलगी हसत म्हणाली, "चला काका, आज तीन पायऱ्या चढायच्या." बाबा काठीवर भार देत उठले. "तीस वर्षं बस घाट चढवली," ते जाता जाता सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि आता या पोरी मला पायरी चढायला शिकवणार." आजी खुदकन हसल्या. दार लागलं, आणि तिच्यापुरतं आजी आणि ते बटण एवढंच मागे राहिलं.

प्लॅस्टिकच्या वस्तू ओतणाऱ्या कारखान्यात ती एकवीस वर्षं होती. मशीनवरचे लोक तिला दाणेवाल्या बाई म्हणत. प्लॅस्टिक कारखान्यात येतं ते तांदळाएवढ्या दाण्यांच्या रूपात. ते वितळवायचं, पोलादी साच्यात जोरानं दाबायचं, निवलं की साचा उघडायचा. पण कुठल्या वस्तूला कुठला दाणा, हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं. ते ती ठरवी. बादलीला एक, हेल्मेटला दुसरा, दाताच्या ब्रशला तिसरा. तिच्या टेबलावर काचेच्या बरण्यांत चाळीस प्रकारचे दाणे असत, आणि नवा माणूस आला की हमखास विचारी, "बाई, कबुतरं पाळलीत का?" एकदा भाचीनं विचारलं होतं, मावशी, तू नक्की करतेस तरी काय? तेव्हा तिनं तिला कपाटासमोर उभं केलं होतं. वरच्या खणात कपडे घडी घालून एकावर एक रचलेले होते. खालच्या खणात भाचीनंच बोळे करून कोंबलेले. प्लॅस्टिक आतून लांब लांब दोऱ्यांचं असतं, तिनं सांगितलं होतं. काही प्लॅस्टिकांचे दोरे निवताना बरेचसे घडी घालून बसतात. ती दुधट दिसतात, उजेड आरपार जात नाही, पण आत शिरायलाही सहसा कुणाला जागा मिळत नाही. काहींचे दोरे नुसता गुंता होऊन राहतात. त्यातून उजेड पाण्यासारखा जातो, दिसायला देखणी, पण त्या गुंत्यात फट सापडली की परका आत शिरतो. "परका म्हणजे कोण?" भाचीनं विचारलं होतं. "कुणीही. पेट्रोल, अत्तर, तेल." हे तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. तेल. दहा वर्षांच्या मुलीला सांगितलं होतं, आणि मुलीनं मान डोलावून खालच्या खणाचं दार घाईघाईनं लावून टाकलं होतं.

हे बटण देखण्यांपैकी होतं. वॉकरवाल्या कंपनीचा माणूस नमुना घेऊन आला, तेव्हा त्याची एकच अट होती: बटणातून आतली लाल खूण दिसली पाहिजे. म्हाताऱ्या माणसाला वॉकर उघडल्यावर कळायला हवं, की कुलूप नीट बसलंय, आता भार टाकायला हरकत नाही. तिला ती अट फार आवडली होती. कुणीतरी म्हाताऱ्या डोळ्यांचा विचार केला होता. तिनं तीन बरण्या काढल्या होत्या: काच घातलेलं पांढरं नायलॉन, दुधट अॅसिटल, आणि आरपार पॉलिकार्बोनेट. पहिल्या दोघांतून लाल खूण दिसली नसती. साच्याला खिडकी पाडावी लागली असती, साचा पुन्हा कापावा लागला असता. आणि खरं सांगायचं तर मनातून तिला तिसरंच हवं होतं. तिच्या वस्तादांनी, ज्यांनी तिला दाणा जाळून धुरावरून ओळखायला शिकवलं (नायलॉन जळक्या केसांसारखं, साधी बादली विझत्या मेणबत्तीसारखी, अॅसिटल हुंगायचंच नाही, डोळ्यांतून पाणी काढतं), त्यांनी निवृत्त होताना सांगितलं होतं: "पारदर्शक माल म्हणजे रुसका जावई. दिसायला राजबिंडा, पण त्याला काय चालतं आणि काय नाही, हे आधी घरभर विचारून घ्यावं." तिनं विचारून घेतलं होतं. निदान तिला तसं वाटलं होतं. एकशे वीस दिवस. वीस बटणं, प्रत्येक खिळीवर घट्ट दाबून बसवलेलं, कारण जिथे घट्ट बसवलेलं असतं तिथे ताण कायम आत मुरून राहतो आणि घात तिथेच होतो. त्यांतली दोन दोन बटणं एकेका वाटीत, वेगवेगळ्या द्रवात बुडवलेली. दवाखान्यांत फोन करून परिचारिकांना विचारलं होतं, तुम्ही वॉकर कशानं पुसता? स्पिरिट, साबणाचं पाणी, फिनेल. मग माणसाच्या हाताला काय असतं ते लिहून काढलं होतं: घाम, चहा, दूध, हात धुण्याचा साबण. यादी भिंतीवर लावली होती. हातोडी मारून बघितली, हातोडी उडून परत आली. एकही बटण तडकलं नव्हतं. तिनं सही केली. ती सही करताना किती बरं वाटलं होतं तेसुद्धा आठवत होतं.

आजींनी पिशवीतून एक बुटकी बाटली काढली. झाकण दातांनी उघडलं, तळहातावर चार थेंब घेतले आणि दोन्ही हातांची बोटं एकेक करून चोळायला लागल्या, पेरापेरानं, अंगठ्याच्या मुळाशी जरा जास्त. गोड, तिखट, नाकात चढणारा वास खोलीभर झाला. मग त्याच हातांनी त्यांनी वॉकर जवळ ओढला, आणि उजव्या हाताचं मधलं बोट, जागा माहीत असल्यासारखं, बटणावर जाऊन बसलं.

तो वास तिच्या घरचा होता. गेली सहा वर्षं रोज संध्याकाळी ती बाबांच्या हातांना हेच तेल चोळत होती. गिअर ओढून ओढून त्यांच्या बोटांची पेरं सुपारीएवढी झाली होती. ते टीव्ही बघत बसत, ती स्टुलावर बसून त्यांचा एकेक हात मांडीवर घेई. अर्ध्या तासात दोघं चार वाक्यं बोलत, पण दिवसातला तो भाग चुकला तर दोघांनाही झोप लागत नसे. तिच्या ओढणीला, उशीला, फोनला तो वास होता. आणि त्या एकशे वीस दिवसांत (हे आता तिला इतकं लख्ख दिसलं की खुर्चीच्या कडा घट्ट धराव्याशा वाटल्या) रोज सकाळी चाचणीच्या खोलीत गेल्यावर ती आधी बेसिनशी जाई आणि साबणानं हात धुई. एकदा नव्हे, दोनदा. नखांच्या आतून ब्रश फिरवी. हात हुंगून बघे. वास गेल्याशिवाय नमुन्यांना हात लावत नसे, कारण बाबांचं तेल नमुन्यांना लागलं तर चाचणी बिघडेल. ती चाचणी बिघडेल म्हणून. एकशे वीस सकाळी तिनं ज्याची चाचणी घ्यायला हवी होती तेच घासून घासून मोरीत सोडलं होतं. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली नसती. जरा कमी नेटक्या बाईकडून झाली नसती. एखाद्या दिवशी कंटाळा करून, तशाच हातानं एक बटण उचललं असतं, तर आठवड्याभरात ते तिथल्या तिथे सांगून मोकळं झालं असतं.

अकरा हजार वॉकर गेले होते. बावीस हजार बटणं. कुठे कुठे, कुणाच्या घरी, कुठल्या पलंगाशेजारी उभे असतील ते. सगळ्यांचेच हात तेलाचे नसतील, असं एक मन म्हणालं. लगेच दुसरं म्हणालं, वॉकर वापरणाऱ्यांत हात न दुखणारे किती? अजून कुणी पडलेलं नव्हतं. पडलं असतं तर कळलं असतं. या तीन रेघा वर्षभर अशाच राहतील, कदाचित दोन वर्षं. आणि तेवढ्यात, तिनं बोलावलं नव्हतं तरी, एक वाक्य तयार होऊन मनात येऊन बसलं: पुढील मालापासून सुधारित दाणा वापरावा. सुधारित. किती सभ्य शब्द. अॅसिटल घ्यायचं, साच्याला छोटी खिडकी पाडायची, नवं बटण आणखी चांगलं झालं म्हणून साहेब पाठ थोपटतील. जुन्यांबद्दल कुणी विचारणार नाही, कारण विचारायला कुणाला सुचणार नाही. हे तिच्याशिवाय कुणाला दिसणारच नव्हतं. ऊन अर्धी वीत सरकलं तर तिलाही दिसणार नव्हतं. ती खिडकीकडे बघत राहिली. ऊन सरकावं अशी वाट आपण बघतोय, हे तिच्या लक्षात आलं.

ती बारा वर्षांची असताना बाबांनी एकदा भरलेली बस चढावर मधेच उभी केली होती. ब्रेकचा आवाज वेगळा आला म्हणाले. साठ माणसं उन्हात उतरवली. लोकांनी शिव्या घातल्या, एका बाईचं पोर तापलेलं होतं ती रडली, दुसरी गाडी यायला तीन तास लागले. डेपोत गाडी खोलली तर ब्रेकमध्ये काहीही सापडलं नाही. बाबांना लेखी ताकीद मिळाली. आईनं त्या रात्री विचारलं, "मग आवाज आला होता का नव्हता?" बाबा जेवत म्हणाले, "आला होता." एवढंच. पुढे कित्येक वर्षं घरात कुणी उगाच घाबरलं की आई म्हणे, तुमच्या बाबांचा आवाज आला वाटतं. बाबाही हसत. तिला आज पहिल्यांदा वाटलं, की हसताना त्यांना कसं वाटत असेल ते आपण कधी विचारलं नाही.

"आजी, तुमचा वॉकर जरा बघू का?"

"बघ की. मुलीनं आणलाय. ती असते लांब. चांगला आहे, कुरकुर करत नाही. म्हणजे आधी करत नव्हता."

"आता करतो?"

"पंधरा दिवस झाले, बोलायला लागलाय. सकाळी हात ठेवला की टिक म्हणतो. मी म्हणते, हो बाबा, उठले." आजींनी डोळे बारीक केले. "घरात दुसरं कोण बोलणार आहे?"

तिनं वॉकर आपल्याकडे वळवला आणि बटणावर अंगठा ठेवून अगदी हलका दाब दिला. टिक. नख मोडावं एवढाच आवाज. तीनच्या जागी चार रेघा होत्या.

"ऐकलंस?" आजी कौतुकानं म्हणाल्या.

"आजी, हा आता वापरू नका."

"का गं?"

"मोडेल. तुम्ही भार टाकलेला असताना मोडेल."

"तुला काय ठाऊक?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. समोरचे एक गृहस्थ पेपर वाचत होते. पेपराची पानं हलायची थांबली होती. "हे बटण मी केलंय," ती म्हणाली. "म्हणजे मशीननं केलं. पण कशाचं करायचं ते मी ठरवलं."

शाळेत वहीत चुकलेलं गणित दाखवल्यावर बाई बघतात, रागानं नाही, नेमकं कुठल्या पायरीला घसरलीस ते शोधत, तसं आजींनी तिच्याकडे पाहिलं. "चुकलं का?"

"हो."

"कशानं?"

"तुमच्या हाताच्या तेलानं. म्हणजे तेलाचं काही चुकलं नाही. मी ते हिशेबात धरलंच नव्हतं."

"हात दुखतात म्हणून लावते मी."

"लावाच. तुम्ही बरोबर आहात."

"ज्यांच्याकडे काम करतेस, त्यांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग आधी सांग जा. माझा नंबर सतरा आहे. मी कुठे पळतेय."

ती बाहेर जिन्यात आली. कारखान्यातल्या साहेबांनी दुसऱ्या घंटीला फोन उचलला. मागे मशीनचा आवाज होता.

"बोला बाई. वडील बरे?"

"बरे आहेत. साहेब, बारा नंबरच्या मशीनवर काय चालू आहे?"

"तुमचंच बटण. का?"

"बंद करा."

ते हळू आवाजात म्हणाले, "दाणा ओला राहिला का? मी म्हणत होतो, सकाळपाळीवाला नीट वाळवत नाही. त्याला बोलावतो."

इतकं सोपं होतं ते. दाणा दमट राहिला तर वस्तू ठिसूळ होते, हे कारखान्यात कुणालाही पटलं असतं. सकाळपाळीवाला बिचारा स्वतःच शपथेवर सांगू शकला नसता की वाळवला होता. तिच्या घशाशी नुसतं 'हं' आलं होतं. तेवढं पुरलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "त्याला काही बोलू नका. दाणा कोरडा होता. निवड चुकली. माझी." आणि मग तिनं तेलाचं सांगितलं, हात धुण्याचं सांगितलं. ते सांगताना आवाज फुटला, तो तिनं फुटू दिला.

"बाई, एकही मोडलंय का अजून?"

"नाही."

"मग घाबरता कशाला? पुढच्या मालापासून दाणा बदलू. सुधारणा म्हणून दाखवू. तुमचं नावही..."

"आणि गेलेली?"

साहेबांची खुर्ची करकरली. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या डोळ्यांसमोरून काय काय जात असेल ते तिला दिसत होतं: कंपनीचा माणूस, मोठे मालक, परत येणारे ट्रक, बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर उभं राहणं. तेच सगळं तिच्याही डोळ्यांसमोर होतं. बैठकीत ती स्वतःही उभी होती, आणि तिच्या भिंतीवरच्या यादीकडे सगळे बघत होते.

"साहेब, मी अर्ध्या तासात येते. कंपनीला फोन मी करते, तुम्ही शेजारी बसा. पण मशीन आत्ता बंद करा. मी धरून आहे."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून साचा मिटल्याचा, जड, ओळखीचा. बटणाला बत्तीस सेकंद लागत. ती जिन्याच्या कठड्याला टेकून मोजायला लागली. तिसाव्या सेकंदाला साचा उघडला, बटणं खालच्या खोक्यात पडली. तिनं श्वास धरला. साचा पुन्हा मिटला नाही.

ती परत आली तेव्हा बाबा खुर्चीत बसून आजींना आपण तीन पायऱ्या कशा चढलो ते सांगत होते. तीनच्या सात झाल्या होत्या. तिचा चेहरा दिसताच त्यांनी विचारलं, "काय गं?"

"मला कामावर जावं लागेल, बाबा. मोठी चूक झालीय. माझी."

"कुणाला लागलं?"

"अजून नाही."

त्यांनी मान हलवली. काठी गुडघ्यांत धरून, सुजलेली बोटं एकमेकांत अडकवत म्हणाले, "मी रिक्षानं जातो घरी. रस्ता माहीत आहे मला."

सतराची हाक आली. आजींचा हात सवयीनं वॉकरकडे गेला आणि हवेतच थांबला. वॉकर तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. आजींनी वॉकरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती पुढे झाली, कोपरातून हात वाकवून त्यांच्यासमोर धरला.

"टाका भार."

"टाकू? मी दिसते तशी हलकी नाही."

"सगळा टाका."

आजी उठल्या. तेलानं निसरडी झालेली बोटं तिच्या मनगटावर घसरली, पुन्हा बसली, घट्ट झाली. दार फार लांब नव्हतं. दोन पावलं झाल्यावर आजी दम घ्यायला थांबल्या.

"दारापर्यंत तू आहेस," त्या म्हणाल्या. "घरी जाताना?"

"घरापर्यंत मी सोडते. कारखान्यात सांगते, उशीर होईल."

"आणि उद्या सकाळी? पलंगावरून उठताना?"

काहीही सांगितलं असतं तरी ते न तपासलेलं असतं. आजी उत्तराची वाट बघत तिच्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या मागे, आपापल्या घरी पलंगाच्या कडेला बसून, पाय जमिनीवर सोडून, आणखी किती तरी जण.

"ते अजून ठरवायचंय," ती म्हणाली. "या वेळी तुम्हाला विचारून ठरवते. आधी सांगा, सकाळी उठल्यावर पहिला हात कुठे टेकवता?"

"पहिला?" आजी विचारात पडल्या. मग तिसरं पाऊल टाकत त्यांनी सांगायला सुरुवात केली.